चूक माणसाची की मांडणीची?

चौकशीच्या अहवालांतून 'मानवी चूक' हे दोन शब्द वारंवार भेटतात. आपल्यापैकी बहुतेकांनी ते केव्हा ना केव्हा वाचले आहेत; काहींच्या हातून ते लिहिलेही गेले असतील. प्रकरण मिटविण्यास हे शब्द फार सोयीचे. अपघात घडतो, रक्कम भलत्याच खात्यात जमा होते, नोंद चुकते. शोध घेता कोणी तरी एक कळ दाबली होती असे निष्पन्न होते. त्याचे नाव सापडते, खुलासा मागविला जातो, ताकीद दिली जाते आणि फाइल बंद होते. कळ मात्र जागच्या जागी तशीच राहते आणि काही दिवसांनी तिच्यासमोर दुसरा माणूस येऊन बसतो.

फाइल बंद करण्यापूर्वी त्या कळीचीही एकदा साक्ष काढावी, असा आग्रह धरणारी काही माणसे गेल्या ऐंशी वर्षांत होऊन गेली. संगणकाच्या पडद्यावर काय दिसावे, कोठे दिसावे, कोणत्या शब्दांत दिसावे, याचे एक शास्त्रच आज उभे राहिले आहे. ज्याला 'इंटरफेस' म्हणतात त्याचे हे शास्त्र. आणि त्याचा उगम या आग्रहात आहे. इंटरफेस म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यामधला उंबरठा होय. यंत्राच्या पोटात काय चालले आहे ते सामान्य माणसास दिसत नाही, आणि दिसण्याचे कारणही नाही. त्याला दिसतो तो उंबरठा. त्यावर अडखळून कोणी पडला तर 'डोळे कोठे होते?' असे विचारणे सोपे असते. उंबरठा किती उंच आहे हे पाहावयाचे तर हाती पट्टी घ्यावी लागते. ती पट्टी प्रथम हाती घेतली गेली ती संगणकाच्या दालनात नव्हे, तर लढाऊ विमानाच्या चालककक्षात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या ओहायओ राज्यात, डेटन शहरानजीक, राइट फील्ड हे सैनिकी विमानांचे मोठे ठाणे होते. तेथील वैमानिकी वैद्यकाच्या प्रयोगशाळेत अल्फॉन्स चॅपॅनिस नावाचा पंचविशीतील मानसशास्त्रज्ञ काम करीत असे. त्याच्यासमोर एक चमत्कारिक तक्रार आली. 'बी-१७' जातीची अवाढव्य बाँबफेकी विमाने सुखरूप धावपट्टीवर उतरत; उतरल्यावर पंखांच्या मागील झडपा मिटावयाच्या असत; आणि नेमके त्याच वेळी काही वैमानिक झडपांऐवजी चाके मिटण्याचा खटका ओढीत. शत्रूच्या तोफांतून वाचलेले विमान आपल्याच धावपट्टीवर पोटावर आपटे. थकवा, निष्काळजीपणा, प्रशिक्षणातील उणीव अशी कारणे सांगितली जात होतीच.

चॅपॅनिसने एक साधा प्रश्न विचारला. 'सी-४७' ही मालवाहू विमाने चालविणारे वैमानिकही त्याच सैन्यातले, तेही तसेच थकलेले. मग ते ही चूक का करीत नाहीत? तो चालककक्षात जाऊन बसला आणि त्याला उत्तर मिळाले. 'बी-१७'मध्ये झडपांचा खटका आणि चाकांचा खटका एकमेकांशेजारी होते, आकाराने सारखे होते, आणि अंधारात हाताला त्यांतला भेद कळण्याची काहीही सोय नव्हती. 'सी-४७'मध्ये ही दोन साधने निराळ्या जागी होती आणि निराळ्या रीतीने चालत. चॅपॅनिसने चाकांच्या खटक्यावर रबराचे एक छोटेसे चाक बसविले आणि झडपांच्या खटक्यावर पाचरीच्या आकाराचा तुकडा. वैमानिकाच्या बोटांना न पाहता कळू लागले की, आपण कशास हात घातला आहे. तो अपघात थांबला. कोणाला शिक्षा झाली नाही, नवा अभ्यासक्रम निघाला नाही, सूचनाफलक लागला नाही. आजही अमेरिकेतील मोठ्या प्रवासी विमानांच्या नियमांत चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्या आकाराची आणि झडपांच्या दांड्याची मूठ पंखाच्या आकाराची असावी असे बंधन आहे.

हा एक सुटा प्रसंग म्हणून विसरला गेला असता. परंतु युद्ध संपल्यावर त्याच राइट फील्डवर पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या दोघांनी ते काम शिस्तीने पुढे नेले. वैमानिकांना त्यांनी विचारले : यंत्र हाताळताना तुमच्याकडून किंवा तुमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याकडून घडलेली चूक सांगा, कशी घडली ते सविस्तर सांगा. हे कथन कोणास दोषी ठरविण्यासाठी मागविलेले नव्हते. सैन्यासारख्या संस्थेत चुकांची अशी मोकळी कबुली मिळविणे हेच मोठे कसब म्हणावयास हवे. ज्यांनी खाते सांभाळले आहे त्यांना याची किंमत सांगावयास नको. अशा ४६० अनुभवांचा अहवाल त्यांनी जुलै १९४७ मध्ये सादर केला. त्या अहवालाच्या मथळ्यातच 'वैमानिकाची चूक' हे शब्द अवतरणचिन्हांत टाकलेले आहेत. ती दोन चिन्हे म्हणजे या सबंध शास्त्राची नांदी होय, असे मला वाटते.

अहवालातील आकडे बोलके आहेत. निम्म्या चुका एका साधनाऐवजी दुसरे हाताळल्याच्या होत्या. शेकडा १८ चुका साधन नको तितके किंवा हवे त्यापेक्षा कमी फिरविल्याच्या, आणि तेवढ्याच, म्हणजे शेकडा १८, एखादी क्रिया करावयाची विसरून गेल्याच्या. उलट दिशेला फिरविणे, नकळत धक्का लागणे, हात न पोहोचणे या चुका त्यामानाने थोड्या. पण हे वर्गीकरण वाचताना मन थांबते ते एका लहानशा तक्त्यापाशी. इंजिनाचा वेग, पंख्याचा कोन आणि इंधनाचे मिश्रण यांचे तीन दांडे प्रत्येक विमानात शेजारी शेजारी असत. 'बी-२५' मध्ये डावीकडून वेग, पंखा, मिश्रण असा त्यांचा क्रम होता. 'सी-४७' मध्ये पंखा, वेग, मिश्रण. आणि 'सी-८२' मध्ये मिश्रण, वेग, पंखा. एकाच सैन्यातील एकाच माणसाची एका विमानावरून दुसऱ्यावर बदली झाली की त्याचा सराव हाच त्याचा वैरी होई. बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या वाचकांना याचा निराळा दाखला देण्याची गरज नाही. त्याच सुमाराच्या दुसऱ्या अहवालात तबकड्या वाचताना झालेल्या २७० चुका नोंदल्या आहेत. उंची दाखविणाऱ्या एकाच तबकडीवर शेकडा, हजार आणि दहा हजार फुटांचे तीन काटे असत. आणि अनुभवी वैमानिकही ती वाचताना हजार फुटांनी चुकत. डोंगर मात्र आपल्या जागेवरून हजार फूट सरकत नाही.

संगणकाच्या क्षेत्रात हा विचार उशिरा पोहोचला. प्रारंभीची यंत्रे बनविणारा आणि वापरणारा बहुधा एकच असे. ज्याने घर बांधले त्याला उंबरठ्याची उंची ठाऊकच असते. डिसेंबर १९६८ मध्ये डग्लस एंगलबार्ट याने सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत नव्वद मिनिटांचे प्रात्यक्षिक दाखविले. हातात धरून मेजावर सरकवावयाचा 'माउस', पडद्यावर तेथल्या तेथे दुरुस्त होणारा मजकूर, दूरच्या सहकाऱ्याचा त्याच पडद्यावर दिसणारा चेहरा हे सारे त्या दिवशी लोकांनी प्रथम पाहिले. एंगलबार्ट हा द्रष्टा होता यात शंका नाही. तथापि त्याची भूमिका अशी की, माणसाने शिकण्याचे कष्ट घ्यावेत. डाव्या हातासाठी पाच कळांचा एक पट्टा होता आणि त्या कळा एकत्र दाबून सांकेतिक अक्षरे उमटवावी लागत. सतारीवर बसणाऱ्याने बोटांना घट्टे पडू द्यावेत तसे. कलावंताला हे मानवेल. महिनाअखेरीस पगारपत्रके काढणाऱ्या कारकुनाकडून ती अपेक्षा धरणे योग्य नव्हे.

पुढील पर्व कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात घडले. तेथे १९७४ च्या सुमारास 'ब्राव्हो' नावाचा मजकूर लिहिण्याचा उत्कृष्ट कार्यक्रम तयार झाला होता. त्यात एकच कळ दोन अर्थांनी चाले. लेखनाच्या अवस्थेत अक्षर दाबले तर ते अक्षर उमटे. आज्ञेच्या अवस्थेत तेच अक्षर आज्ञा ठरे. आपण लेखनाच्या अवस्थेत आहोत अशा समजुतीने कोणी इंग्रजी 'एडिट' हा शब्द टाइप केला की अनर्थ होई. पहिल्या 'ई'ने सबंध मजकूर निवडला जाई, 'डी'ने तो पुसला जाई, 'आय'ने नवीन लेखन सुरू होई आणि पडद्यावर उरे ते एकटे 'टी'. 'दुरुस्ती' असा शब्द लिहावा आणि दुरुस्त करावयाचे सगळेच नाहीसे व्हावे, यापरते दैवदुर्विलसित कोणते?

लॅरी टेस्लर याने या 'अवस्थां'विरुद्ध जन्मभर मोहीम चालविली. आपल्या मोटारीच्या क्रमांकपट्टीवरही त्याने 'नो मोड्स' अशी घोषणा मिरविली. त्याचे म्हणणे असे की, दिवसा दार उघडणारी किल्ली रात्री तिजोरी रिकामी करीत असेल तर किल्ली धरणाऱ्यास दोष देऊ नये. टिम मॉट याच्यासह त्याने 'जिप्सी' हा नवा कार्यक्रम रचला. त्यासाठी तज्ज्ञांची समिती बसविली नाही. संगणकाचा संस्कार न झालेल्या माणसांना समोर बसवून, हा कागद दुरुस्त करावयाचा तर तुम्ही काय कराल, असे विचारले. त्यांनी सांगितले ते कात्री आणि डिंकाचे शहाणपण होते : येथून कापावे, तेथे चिकटवावे. आज जगभर चालणारे 'कट', 'कॉपी' आणि 'पेस्ट' या रूपाने तेथे स्थिरावले.

१९८१ मध्ये झेरॉक्सने 'स्टार' नावाचे यंत्र बाजारात आणले. त्याच्या पडद्यावर काय होते? एक मेज, मेजावर फायली, कप्पे, आवक टपालाची टोपली आणि जावक टपालाची टोपली! ज्या ढिगाऱ्यात आपली उमेद खर्ची पडली तोच ढिगारा भविष्याची प्रतिमा म्हणून निवडला गेला हे पाहून हसू येते. पण त्यामागे नेमका विचार होता. कचेरीतील माणसास जे आधीच येते त्यावर यंत्राने उभे राहावे, त्याला नवी भाषा शिकवू नये. स्टारच्या कर्त्यांनी नमूद केले आहे की, या उंबरठ्याच्या आखणीवर सुमारे तीस मनुष्य-वर्षांचे श्रम खर्च झाले, आणि ती आखणी यंत्र बनण्यापूर्वी, किंबहुना यंत्राने काय काय करावयाचे हे पुरते ठरण्यापूर्वी झाली. यंत्र महाग होते, एकाची किंमत १६,५९५ डॉलर. धंद्याच्या दृष्टीने ते पडले. त्यातील विचार मात्र ॲपल कंपनीच्या १९८३ च्या 'लिसा' आणि १९८४ च्या 'मॅकिन्टॉश' या यंत्रांत निराळ्या रूपाने उतरला. लिसाच्या चाचण्यांतील एक किस्सा प्रसिद्ध आहे. पडद्यावरील एका बटणावर 'डू इट', म्हणजे 'करा', असे लिहिले होते. अक्षरे इतकी जवळ होती की एका गृहस्थांनी ते 'डोल्ट', म्हणजे 'ठोंब्या', असे वाचले आणि यंत्र आपणास शिवी का देते असे रागावून विचारले. बटणावरील शब्द बदलून 'ओके' करण्यात आला.

येथवरचा प्रवास वाचून असे वाटेल की, काम सोपे करीत जाणे म्हणजेच चांगली रचना. सोपे आणि स्पष्ट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतील अंतराची किंमत काही रोग्यांनी प्राणांनी मोजली आहे.

'थेरॅक-२५' हे कर्करोगावर किरणोपचार करण्याचे कॅनडात बनलेले यंत्र. अमेरिका आणि कॅनडा मिळून अशी ११ यंत्रे बसविलेली होती. ते दोन प्रकारचे उपचार करी, इलेक्ट्रॉनचे आणि क्ष-किरणांचे. आणि क्ष-किरणांसाठी मूळ झोत कितीतरी अधिक प्रखर लागत असे. यंत्र चालविणाऱ्यांनी आरंभी तक्रार केली होती की, उपचाराचे सर्व आकडे पुन्हा टाइप करण्यात फार वेळ जातो. तक्रार रास्त होती. निर्मात्यांनी सोय केली : नुसती 'रिटर्न'ची कळ दाबीत गेले की आकडे आपोआप पुढे भरले जात. पडताळणीसाठी ठेवलेली पायरी त्यामुळे बोटांचा चाळा होऊन बसली.

२१ मार्च १९८६ रोजी टेक्सास राज्यातील टायलर येथील रुग्णालयात इलेक्ट्रॉनच्या 'ई'ऐवजी क्ष-किरणांचा 'एक्स' टाइप झाला. चालविणारी बाई अनुभवी होती. चूक तिच्या तत्काळ ध्यानात आली. वर नेणाऱ्या बाणाची कळ दाबून तिने अक्षर दुरुस्त केले, भराभर 'रिटर्न' दाबीत ती खाली आली, पडद्यावर सर्व काही पडताळले गेल्याचा शब्द उमटला आणि तिने झोत सुरू केला. यंत्र थांबले. पडद्यावर अक्षरे आली : 'मालफंक्शन ५४'. या आकड्याचा उलगडा तिच्या हातातील पुस्तिकेत नव्हता. शेजारी आकडा होता तो असा की, २०२ मात्रांपैकी केवळ ६ दिल्या गेल्या आहेत. मात्रा कमी पडली असे यंत्र सांगत होते. असे बारीकसारीक अडथळे नित्याचेच होते. तिने पुढे चला अशा अर्थाची 'पी' ही कळ दाबली. आत रोगी विजेचा धक्का बसल्यासारखा उठू पाहत होता. त्याला पाहण्याचा पडदा त्या दिवशी जोडलेला नव्हता आणि आवाज ऐकण्याचे साधन बिघडलेले होते. १८० रॅड द्यावयाचे होते; पुढील हिशेबाप्रमाणे १६,५०० ते २५,००० रॅड दिले गेले असावेत. तीन आठवड्यांनी, ११ एप्रिलला, तेथेच पुन्हा तेच घडले. दोन्ही रोगी त्याच वर्षी मृत्यू पावले.

निर्मात्यांच्या इंजिनियरांनी आधी सांगितले की, या यंत्राकडून जादा मात्रा जाणे शक्यच नाही. रुग्णालयातील पदार्थवैज्ञानिक आणि ती चालविणारी बाई यांनी हट्टाने बसून तो बिघाड पुन्हा घडवून दाखविला, तेव्हा कारण उमगले. यंत्रातील चुंबकांना स्थिरस्थावर होण्यास सुमारे आठ सेकंद लागत. तेवढ्या अवधीत कोणी दुरुस्ती उरकली तर ती पडद्यावर दिसे, परंतु यंत्राच्या पोटापर्यंत पोहोचत नसे. म्हणजे नवशिक्याच्या हातून हा अपघात सहसा घडला नसता. जी जितकी तरबेज तितका तिच्या हातून धोका अधिक! 'थेरॅक-२०' या आधीच्या यंत्रातही हाच दोष होता. पण तेथे विजेचे आणि लोखंडाचे स्वतंत्र अडसर होते, म्हणून फ्यूज उडे आणि रोगी वाचे. नव्या यंत्रात संगणकावर विश्वासून ते अडसर काढून टाकले होते.

निर्मात्यांनी तातडीचा उपाय म्हणून काढलेले परिपत्रक वाचण्यासारखे आहे. वर नेणाऱ्या बाणाच्या कळेचा उपयोग कोणत्याही कारणासाठी करू नये. त्या कळेची टोपी काढून टाकावी आणि आतील जोड विजेच्या चिकटपट्टीने बंद करावा. अमेरिकन शासनाच्या संबंधित खात्याने हा उपाय अपुरा ठरविला. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात या यंत्रांवर असे एकूण सहा अपघात घडल्याचे ज्ञात आहे. १९९३ मध्ये नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी त्या सर्वांचा जो चिकित्सक वृत्तांत प्रसिद्ध केला, तो आजही या विषयात पाठ्य मानला जातो.

कोणी म्हणेल, एकटी व्यक्ती चुकते, म्हणूनच आपल्याकडे एक लिहितो, दुसरा तपासतो, तिसरा मंजुरी देतो. ११ ऑगस्ट २०२० रोजी सिटी बँकेत नेमके हेच झाले. रेव्हलॉन कंपनीच्या कर्जावरील सुमारे ७८ लक्ष डॉलर व्याज सावकारांना पोहोचते करावयाचे होते. मूळ मुद्दल केवळ हिशेबापुरते बँकेच्याच एका अंतर्गत खात्यात वळवावयाचे होते. 'फ्लेक्सक्यूब' या संगणकीय व्यवस्थेत त्यासाठी तीन चौकटींत खूण करावी लागे. 'प्रिन्सिपल', 'फ्रंट' आणि 'फंड' अशी त्यांची नावे. मुद्दल वळवावयाचे तर 'प्रिन्सिपल'च्या चौकटीत खूण पुरेल, असे कोणासही वाटेल. तसेच वाटले. भारतातील एका कंत्राटी कंपनीच्या एका माणसाने खूण केली, दुसऱ्याने तपासली, अमेरिकेतील बँकेच्या अधिकाऱ्याने मंजुरी दिली. पडद्यावर इशाराही उमटला की पैसे बँकेबाहेर जात आहेत, पुढे जावे काय? पण किती पैसे जात आहेत हे त्या इशाऱ्यात नव्हते. व्याज जाणारच होते, तेव्हा तिघांनाही तो इशारा यथायोग्य वाटला. सुमारे ८९ कोटी डॉलर गेले. त्यांपैकी ५० कोटींच्या आसपास परत देण्यास काही सावकारांनी नकार दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो फिरविला तेव्हा बँकेचा जीव भांड्यात पडला. ही व्यवस्था जिच्या घराण्यातून आली ती कंपनी मूळची मुंबईची, हा एक ऋणानुबंध नमूद करण्यास हरकत नाही. तीन सह्या होत्या. तिन्ही एकाच पडद्याकडे पाहून केलेल्या. एकाच चष्म्यातून तिघांनी पाहिले म्हणजे साक्षीदार तीन होत नाहीत.

पैसा कोर्टात जाऊन परत मागता येतो. मत मागता येत नाही. नोव्हेंबर २००० मध्ये फ्लोरिडातील पाम बीच परगण्यात अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी जी मतपत्रिका वापरली, तिची आखणी एका सद्‌हेतू निवडणूक अधिकाऱ्याने केली होती. परगण्यात वृद्ध फार. त्यांना वाचता यावे म्हणून अक्षरे मोठी घेतली. म्हणून नावे एका पानात मावेनात. म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर विभागली आणि भोके मधोमध आली. डावीकडील यादीत गोर यांचे नाव दुसरे, पण त्यांचे भोक तिसरे. दुसरे भोक उजवीकडील ब्यूकॅनन यांचे. ब्यूकॅनन यांना त्या परगण्यात ३,४०० हून अधिक मते पडली, आणि १९ हजारांवर पत्रिका दोन भोके पाडल्यामुळे बाद झाल्या. संशोधकांच्या पुढील गणितानुसार गोर यांची दोन हजारांहून अधिक मते ब्यूकॅनन यांच्याकडे गेली असावीत. बुश यांनी ते राज्य, आणि त्याबरोबर देशाचे अध्यक्षपद, ५३७ मतांनी जिंकले.

आपल्या देशाने हा प्रश्न फार आधी आणि फार कठीण परिस्थितीत सोडविला होता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७ कोटी ३२ लक्ष मतदार होते आणि साक्षरतेचे प्रमाण शेकडा १८ च्या घरात होते. त्या वेळी मतदाराकडून खूण करून घेण्याची अपेक्षाच सोडून देण्यात आली. प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह. मिळालेला कागद हव्या त्या पेटीत टाकावयाचा. यासाठी लागलेल्या लोखंडी पेट्यांपैकी लक्षावधी पेट्या मुंबईतील विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातून बाहेर पडल्या. पुढे १९६२ च्या निवडणुकीपर्यंत एकाच पत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली, आणि तिच्याबरोबर दोन चिन्हांमधील रेषेवर बसलेल्या शिक्क्यांचे वादही आले. मतमोजणीच्या मेजावर ज्यांनी रात्री काढल्या आहेत त्यांना ते वाद आठवतील.

मतदानयंत्राची कथा १९७९ मध्ये हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाने तयार केलेल्या नमुन्यापासून सुरू होते. १९८२ मध्ये केरळातील परूर मतदारसंघाच्या ५० केंद्रांवर ते प्रथम वापरले गेले. कायद्यात यंत्राची तरतूद नाही म्हणून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द केले. फेरमतदानात निकालच उलटला. १९८८ मध्ये कायदा दुरुस्त झाला, आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सबंध देशाने यंत्रावर मत दिले. या यंत्राच्या बाह्यरूपाची आखणी पवईच्या आय.आय.टी.मधील औद्योगिक अभिकल्प केंद्रात ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांनी केली, ही गोष्ट आपल्या लोकांत असावी तितकी प्रसिद्ध नाही.

आपल्यापैकी ज्यांनी मतदान केंद्राध्यक्षाचे काम केले आहे त्यांनी ते यंत्र क्षणभर मनाशी आणावे. एका ओळीत नाव, त्याच ओळीत चिन्ह, त्याच ओळीत निळे बटण; डोळ्याने चिन्ह गाठले की बोट सरळ रेषेत बटणावर येते. पाम बीचचा घोटाळा येथे संभवतच नाही. ओळी १६ हून अधिक झाल्या तर अक्षरे दाटीने बसविली जात नाहीत, दुसरे युनिट शेजारी ठेवले जाते. जी बटणे वापरावयाची नाहीत ती झाकलेली असतात. टेस्लर ज्यांच्याविरुद्ध लढला त्या 'अवस्था' या यंत्रातही आहेत, परंतु त्या लपविलेल्या नाहीत. अधिकाऱ्याने 'बॅलट' दाबले की मतदारासमोर हिरवा दिवा आणि अधिकाऱ्यासमोर 'बिझी'चा लाल दिवा लागतो. मत पडले की चिन्हाशेजारी लाल दिवा आणि सर्वांना ऐकू जाणारा लांब सूर. दुसऱ्यांदा बटण दाबले तरी काही होत नाही. मतदान बंद करणारे 'क्लोज'चे बटण टोपीखाली आहे. 'रिझल्ट' आणि 'क्लिअर' ही बटणे दाराआड आहेत, आणि प्रत्यक्ष मतदानाच्या वेळी त्या दारावर कागदी मोहोर असते. धक्का लागून निवडणूक संपणार नाही.

एका ठिकाणी मात्र हा उंबरठा अजून उंच आहे. पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर निदान ५० मतांचे मॉक पोल घ्यावयाचे, ती मते मोजून दाखवावयाची, आणि मग 'क्लोज', 'रिझल्ट', 'क्लिअर' या क्रमाने ती पुसून टाकावयाची. बाहेर रांग लागलेली असते, सातचा ठोका जवळ येत असतो, आदल्या रात्री कोणाचा डोळा लागलेला नसतो, आणि काही केंद्रांवर 'क्लिअर' दाबावयाचे राहून जाते. फिट्स आणि जोन्स यांच्या तक्त्यातील ते शेकडा अठरा. यावर प्रशिक्षण आहे, तपासणीची यादी आहे, मॉक पोल झाल्याचे सहीशिक्क्यांचे प्रमाणपत्र आहे. तरीही २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत असे प्रकार घडले, आणि अशा केंद्रांची मोजणी कशी करावी याच्या स्वतंत्र सूचना आयोगास काढाव्या लागल्या. पहिला खरा मतदार आत येतो तेव्हा आधीची ५० मते पोटात असली तरी ते यंत्र हिरवाच दिवा लावते. सायंकाळी 'टोटल' दाबून तो आकडा नमुना १७-सी मध्ये उतरवून घेताना, मतदारांच्या नोंदवहीशी तो ताडून पाहिला जातो. तेव्हा बरोबर पन्नासांचा फरक निघतो आणि खुलासा केंद्राध्यक्षाला लिहावा लागतो.